सुकाणू-कंप, मोटारवाहनांतील

सुकाणू-कंप, मोटारवाहनांतील : मोटारवाहनाची पुढील चाके चालकाने न वळविता आपोआप, झपाट्याने डावी-उजवीकडे हेलकावू लागणे या दोषाला सुकाणू-कंप म्हणतात. चाक ज्या उभ्या खुंटीभोवती वळते तिला किंगपिन म्हणतात आणि हे हेलकावे तिच्याभोवती होतात. चालकाच्या हातातील सुकाणू चक्र त्यांच्याबरोबर मागेपुढे फिरते. कंप वाढल्यास सर्व वाहन हादरते आणि वेग बराच कमी केल्याखेरीज ते सहसा थांबत नाही. इंग्रजी भाषिक देशांत या दोषाला ‘शिमी’ हे नाव १९२० नंतरच्या दशकात रूढ झाले. त्या काळी अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या, खांदे थरथरविण्याच्या एका नृत्यप्रकारावरून ते आले आहे. अवजड पिकअप व जीप या वाहनांतील तीव्र कंपाला अमेरिकेतील वाहनधारक ‘डेथ वॉबल’ म्हणजे मरणकंप असे म्हणतात. नाव अतिशयोक्त वाटले, तरी भरवेगात सुकाणू हातातून निसटू पाहत असताना चालकाला जी भीती वाटते ती त्यातून चांगली व्यक्त होते.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोषाचे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात असंतुलित चाक, वाकडी रिम किंवा फुगवटा आलेला टायर प्रत्येक फेऱ्यात एक धक्का देतो व त्या धक्क्यांमुळे सुकाणू थरथरते. हे प्रेरित कंप होत. धक्क्याचे कारण नाहीसे झाले की, तेही नाहीसे होतात. दुसऱ्या प्रकारात रस्त्यावरील एखादा खड्डा वा पुलाचा सांधा केवळ सुरुवात करून देतो. पुढे बाहेरचा धक्का नसतानाही कंप टिकून राहतात, इतकेच नव्हे तर वाढत जातात. यांना स्वयंप्रेरित कंप म्हणतात. त्यांना लागणारी ऊर्जा वाहनाच्या पुढे जाण्याच्या गतीतूनच टायरच्या द्वारे मिळते. कंपाची सुरुवात करून देणारे निमित्त व तो टिकविणारे कारण यांतील हा फरक अभियंत्यांच्या ध्यानात यावयास बराच काळ लागला. सुकाणू-कंपाचा इतिहास हा बव्हंशी हा फरक उमगत जाण्याचा इतिहास आहे.

घरगुती उदाहरण : रुग्णालयातील ढकलगाडीचे पुढचे लहान चाक पाहिल्यास या घटनेचे मूळ कळते. हे चाक ज्या उभ्या खुंटीवर फिरते तिच्या थोडे मागे ते जमिनीला टेकते. त्यामुळे गाडी ढकलली की, चाक खुंटीच्या मागोमाग सरळ येते. बाजूला वळलेले चाक जमिनीच्या घर्षणामुळे पुन्हा सरळ होऊ पाहते. पण जडत्वामुळे ते मध्यावर न थांबता पलीकडे जाते व तेथून परत फिरते. खुंटी घट्ट असल्यास हे हेलकावे विरून जातात. ती सैल असल्यास विशिष्ट वेगाला चाक फडफडू लागते व गाडी सावकाश ढकलली की शांत होते. सरळ करणारा जोर, जडत्व, सैलपणा आणि विशिष्ट वेग हे सुकाणू-कंपाचे चारही घटक या लहानशा चाकात एकत्र सापडतात.

प्रारंभीचा काळ : घोडागाड्यांमध्ये पुढील संपूर्ण आस मध्यभागी असलेल्या एका खिळीभोवती वळत असे. एका चाकाला दगड लागला की, त्या धक्क्याला अर्ध्या आसाएवढी तरफ मिळे व सर्व आस वळे. म्यूनिक येथील गाड्या बनविणारे गेओर्ख लँकेनश्पेर्गर यांनी १८१७ मध्ये आस स्थिर ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र खुंट्यांवर चाके वळविण्याची योजना काढली. त्यांच्या वतीने रूडोल्फ आकरमान यांनी १८१८ साली तिचे ब्रिटिश एकस्व (पेटंट) घेतले व तेव्हापासून ही योजना आकरमान यांच्याच नावाने ओळखली जाते. फ्रान्समध्ये आमेदे बॉले यांनी १८७३ सालच्या आपल्या वाफेच्या गाडीत पुढील चाके अशीच स्वतंत्रपणे वळविली. जर्मनीत कार्ल बेंझ यांची १८८६ ची गाडी तीनचाकी होती. चारचाकी गाडीसाठी त्यांनी १८९३ मध्ये दोन खुंट्यांची सुकाणू योजना स्वीकारली.

या योजनेमुळे धक्क्याची तरफ अर्ध्या आसावरून काही सेंमी. वर आली, हा मोठा लाभ होता. मात्र तिच्याबरोबर काही नवे भाग आले. दोन्ही चाकांच्या भुजांना जोडणारा आडवा दांडा म्हणजे टाय रॉड, सुकाणू पेटीपासून चाकाकडे जाणारा ओढदांडा म्हणजे ड्रॅग लिंक, दोन किंगपिन आणि दांड्यांच्या टोकांचे सांधे असे हे भाग होत. यांपैकी प्रत्येक सांध्यात झीज व सैलपणा येऊ शकतो. आरंभीच्या मोटारगाड्यांचा वेग बेताचा, टायर अरुंद व हवेच्या उच्च दाबाचे आणि स्प्रिंगा ताठ असल्याने हे सैलपण बरीच वर्षे फारसे जाणवले नाही.

बलून टायर व पुढचे ब्रेक : १९२० नंतरच्या दशकात मोटारगाडीत दोन सुधारणा जवळजवळ एकाच वेळी झाल्या आणि सुकाणू-कंप हा सर्वत्र तक्रारीचा विषय बनला. पहिली सुधारणा कमी दाबाच्या रुंद टायरांची होती. अमेरिकेत फायरस्टोन व फ्रान्समध्ये मीशलँ या कंपन्यांनी १९२३ मध्ये असे ‘बलून’ टायर बाजारात आणले. जुन्या टायरांत हवेचा दाब सु. ४ किग्रॅ./चौ. सेंमी. असे; नव्या टायरांत तो साधारणपणे त्याच्या निम्म्यावर आला. त्यामुळे बसणाऱ्याला आराम मिळाला. पण टायरच्या बाजू मऊ झाल्याने चाक आडव्या दिशेने अधिक लवचिक झाले आणि आस त्या हवेच्या उशांवर वरखाली नाचू लागला. दुसरी सुधारणा पुढील चाकांवरील ब्रेकची होती. अमेरिकेत ड्यूसेनबर्ग मोटारगाडीत १९२१ साली चारही चाकांना द्रवचलित ब्रेक बसविण्यात आले व दशकाच्या मध्यापर्यंत पुढचे ब्रेक सर्वसामान्य झाले. त्यांच्यामुळे वाहन थांबविणे सुरक्षित झाले. पण आसाच्या अगदी टोकांना जड ड्रम आल्याने हेलकावणाऱ्या भागाचे जडत्व वाढले.

सुखसोय व सुरक्षितता यांसाठी केलेल्या बदलांतून नवा धोका निर्माण झाल्याने कारखानदार गोंधळून गेले. कोणी टायरमध्ये अधिक हवा भरण्यास सांगत, कोणी सुकाणूचे सांधे इतके आवळीत की ते वळविणे जड जाई, तर कोणी आस व स्प्रिंगेचे पाटे यांच्यामध्ये पाचर घालून किंगपिनचा कल बदलीत. यांतील प्रत्येक उपाय काही गाड्यांना लागू पडे व काहींना पडत नसे.

या गोंधळाला शास्त्रीय वळण लावण्याचे श्रेय मुख्यत्वे फ्रेंच अभियंते झॉर्झ ब्रूलिए यांना दिले जाते. १९२५ साली फ्रान्समधील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे सादर केलेल्या निबंधात त्यांनी मोटारगाडीचे सुकाणू, शिमी व डुलणे यांचे विवेचन केले. आडवा जोर असताना हवा भरलेला टायर आपल्या चाकाच्या पातळीत सरळ न जाता तिच्याशी लहानसा कोन करून जातो, हे त्यांनी दाखविले. या सरक-कोनाची कल्पना पुढे वाहनांच्या गतिशास्त्राचा पायाच ठरली. ज्या आडव्या जोरामुळे वाहन वळू शकते तोच जोर थोडा उशिराने लागू झाल्यास हेलकाव्यांना ऊर्जा पुरवू शकतो, हे यामुळे स्पष्ट करता आले. जर्मनीत जी. बेकर, एच. फ्रोम व एच. मारून यांनी मोटारगाडीच्या सुकाणूतील कंपांवरील आपला प्रायोगिक व गणितीय अभ्यास १९३१ मध्ये प्रसिद्ध केला.

कंपाची यंत्ररचना : एकसंध आसाच्या, म्हणजे दोन्ही चाके एकाच ताठ तुळईने जोडलेल्या वाहनात दोन हालचाली एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक, आस तराजूच्या दांडीसारखा डावी-उजवीकडे कलणे; दुसरी, चाके किंगपिनभोवती हेलकावणे. वेगाने फिरणारे चाक ही एक घूर्णीच असते. फिरत्या भोवऱ्याला एका दिशेने ढकलले असता तो तिच्याशी काटकोनात वळतो. त्याचप्रमाणे खड्ड्यामुळे आस कलला की, चाके किंगपिनभोवती वळतात आणि चाके वळली की, आस कलण्याची प्रवृत्ती उत्पन्न होते. अशा रीतीने एक हालचाल दुसरीला व दुसरी पहिलीला चालना देत राहते. दोन्ही हालचालींची नैसर्गिक कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) जवळपास सारखी असेल, तर थोड्याशा चालनेनेही कंप झपाट्याने वाढतो. [⟶ घूर्णी].

यात वेगाचा वाटा कसा येतो हे साध्या हिशोबाने दाखविता येते. ८० सेंमी. व्यासाच्या टायरचा परीघ सु. २.५ मी. भरतो. वाहन ताशी ९० किमी. म्हणजे सेकंदाला २५ मी. वेगाने जात असल्यास ते चाक सेकंदाला सु. १० फेरे करते. चाके व आस यांची नैसर्गिक कंप्रता समजा सेकंदाला १० असेल, तर नेमक्या याच वेगाला चाकातील असंतुलनाचे धक्के तिच्याशी जुळतात. या जुळण्याला अनुस्पंदन म्हणतात. चाकाच्या मध्यापासून २५ सेंमी. वर ५० ग्रॅम वजन जास्त असल्यास या वेगाला त्याचा बाहेरच्या दिशेचा ओढा सु. ५ किग्रॅ. वजनाइतका होतो व त्याची दिशा सेकंदाला दहा वेळा फिरते. सुकाणू ठराविक वेगालाच का थरथरते व त्याहून कमी वा अधिक वेगाला का शांत होते, याचे उत्तर या जुळणीत आहे.

कंप टिकून राहावयाचा तर प्रत्येक हेलकाव्यात टायरमार्फत मिळणारी ऊर्जा घर्षणात नष्ट होणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक असावी लागते. कंप विरविणाऱ्या या क्रियेला अवमंदन म्हणतात. सुस्थितीतील वाहनात अवमंदनाची बाजू वरचढ असते. सांध्यांत सैलपणा आला की, त्या सैलपणाइतक्या हालचालीपुरते चाक जणू सुकाणूला जोडलेलेच नसते. ही मोकळीक मिळून हेलकावा एकदा मोठा झाला की, वाहनाच्या वेगातून येणारी ऊर्जा त्यावर ताबा मिळविते.

स्वतंत्र निलंबन : एकसंध आस काढून टाकणे हा या दोषावरील मूलगामी उपाय ठरला. इटलीतील लान्चा कंपनीच्या १९२२ च्या लाम्ब्दा मोटारगाडीत पुढील प्रत्येक चाक उभ्या सरकत्या खांबावर स्वतंत्रपणे बसविलेले होते. अमेरिकेत हा बदल घडवून आणण्यात मॉरिस ऑली यांचा मोठा वाटा होता. रोल्स-रॉइस कंपनीतून ते १९३० मध्ये कॅडिलॅक कंपनीत आले. गाडीची चाल अधिक सुखद करण्यासाठी वजने हलवून प्रयोग करता येतील अशी एक खास गाडी त्यांनी १९३२ मध्ये तयार केली. पुढील स्प्रिंगा मागील स्प्रिंगांपेक्षा मऊ ठेवल्यास चाल सुधारते, असे तिच्यावरील प्रयोगांत आढळले; पण एकसंध आसाला अशा मऊ स्प्रिंगा दिल्या की, चाकांची थरथर आवरेना. तेव्हा आसच सोडणे भाग पडले. जनरल मोटर्सच्या १९३४ च्या मोटारगाड्यांत पुढील चाकांचे स्वतंत्र निलंबन आले. त्यात एक चाक वर गेले, तरी दुसरे कलत नाही आणि वर जाणारे चाकही आपल्या पातळीत जवळजवळ उभेच राहते. त्यामुळे घूर्णीचा परिणाम घडण्यास वावच उरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी मोटारगाड्यांत ही पद्धत सर्वत्र रूढ झाली व त्यांच्यापुरता सुकाणू-कंपाचा प्रश्न बराचसा सुटला.

विमानाचे चाक : याच काळात हा दोष विमानांत प्रकट झाला. नाकाखाली चाक असलेली विमाने प्रचारात आल्यावर धावपट्टीवर उतरताना ते चाक फडफडून मोडण्याचे प्रसंग येऊ लागले. जर्मनीत बी. फॉन श्लिपे व आर. डीट्रिख यांनी १९४१ मध्ये टायर ही ताणलेली दोरी आहे असे कल्पून कंपाचे गणित मांडले. सोव्हिएट गणितज्ञ एम्. व्ही. केल्डिश यांनी १९४५ साली तीनचाकी विमानाच्या पुढील चाकाच्या शिमीवर निबंध लिहिला. या कार्याबद्दल त्यांना १९४६ मध्ये स्टालिन पारितोषिक मिळाले. नेदर्लंड्समधील डेल्फ्ट येथे हान्स पाचेका यांनी १९६६ मध्ये चाकाच्या शिमीवरच डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला आणि पुढे टायरच्या वर्तनाच्या अभ्यासात ते अग्रगण्य मानले गेले. अशा प्रकारे मोटारगाडीत सुरू झालेला विचार विमानविद्येत परिपक्व होऊन पुन्हा मोटारगाडीकडे आला.

जीप व अवजड वाहने : मालमोटारी व खडकाळ प्रदेशातील वाहने यांत मात्र एकसंध आस टिकून राहिला, कारण तो मजबूत, साधा व जड भार पेलणारा असतो. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून मोठ्या संख्येने तयार झालेल्या जीपमध्ये पुढे व मागे असे दोन्ही आस एकसंध होते. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि भारतातील गॅरेजांना या आसाची व त्याच्या थरथरीची चांगलीच ओळख झाली. या जीपमध्ये ड्रॅग लिंकचा जोर मध्यभागी असलेल्या कोनाकृती तरफेमार्फत दोन टाय रॉडना मिळे. ही तरफ घासली किंवा किंगपिनच्या बेअरिंगांवरील दाब कमी झाला की, खड्ड्यानंतर सुकाणू थरथरे. चकत्यांची जाडी बदलून बेअरिंगांवर योग्य दाब आणणे आणि घासलेल्या तरफेच्या जागी नवी बसविणे हे त्यावरचे उपाय होते.

जुन्या जीप व मालमोटारींत आस पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, म्हणजे पाट्यांवर टांगलेला असे. पाटे भार पेलतात, आसाला आडवे सरकू देत नाहीत आणि एकमेकांवर घासून कंपही विरवितात. ही तीन कामे एकाच भागाकडे असल्याने चाल कठीण होते. पण कंपाला आळा बसतो. पुढे आरामाच्या मागणीमुळे एकसंध आसाला मळसूत्री स्प्रिंगा देण्यात आल्या. फोर्डच्या १९६६ च्या ब्राँको वाहनात, ब्रिटनमधील १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये, १९८४ च्या जीप चेरोकीत, १९९४ च्या डॉज रॅम या चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या पिकअपमध्ये आणि फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपच्या २००५ च्या नमुन्यात पुढील आसाला अशीच रचना होती. जनरल मोटर्सने चारही चाके चालविणाऱ्या आपल्या पिकअपसाठी १९८८ पासून पीळ-दांड्यांवरील स्वतंत्र निलंबनाचा निराळा मार्ग पत्करला.

मळसूत्री स्प्रिंग केवळ भार पेलते. आसाला आडवे रोखण्याचे काम तेथे एका तिरप्या दांड्याकडे सोपविलेले असते. त्याचे एक टोक सांगाड्याला व दुसरे आसाला जोडलेले असते. त्याला फ्रान्समधील पानार कंपनीच्या नावावरून पानार दांडा व अमेरिकेत ट्रॅक बार म्हणतात. पाट्यांमधील घर्षण गेल्याने अवमंदनही कमी झालेले असते. म्हणजे पूर्वी अनेक पाट्यांत विभागलेली जबाबदारी या रचनेत एका दांड्यावर व त्याच्या दोन टोकांच्या सांध्यांवर येते. या सांध्यात थोडाही सैलपणा आल्यास काय होते ते पाहण्यासारखे आहे. सुकाणू पेटी सांगाड्याला पक्की असते. आस तिच्या सापेक्ष १ मिमी. जरी आडवा सरकला, तरी ड्रॅग लिंक चाकाची भुजा तेवढीच ढकलते. भुजा २० सेंमी. लांबीची असेल, तर चाके सु. ०.३ अंशाने वळतात. सेकंदाला दहा वेळा असे घडले की, तो सैल सांधा हातोडीसारखे ठोके खाऊ लागतो व आणखी सैल होतो.

वाहन उंच करण्याची हौस या दोषात भर घालते. उंच स्प्रिंगा बसविल्या की, ट्रॅक बार व ड्रॅग लिंक यांचा तिरपेपणा वाढतो. हे दोन्ही दांडे एकमेकांना समांतर राहिले नाहीत, तर आस वरखाली होताना ते वेगवेगळ्या कंसांत फिरतात आणि प्रत्येक खड्ड्यात चाके आपोआप वळतात. किंगपिनच्या मागच्या बाजूकडील कलाला कॅस्टर कोन म्हणतात. तोही उंचीमुळे बदलतो. हा कोन कमी झाल्यास वाहन रस्त्यावर भरकटते, तर प्रमाणाबाहेर वाढल्यास थरथरीची प्रवृत्ती वाढते. मोठे व जड टायर घातल्यास हेलकावणाऱ्या भागाचे जडत्व वाढते व मूळ वाहनासाठी आखलेली मापे पुरी पडत नाहीत.

निदान : प्रत्यक्ष कंप सुरू झाल्यास चालकाने सुकाणू चक्र घट्ट पण त्याच्याशी न झगडता धरावे, वेगवर्धकावरील पाय काढावा आणि वाहनाचा वेग सावकाश उतरवून ते रस्त्याच्या कडेला आणावे. एकदम जोराने ब्रेक दाबणे टाळावे. तपासणी झाल्याखेरीज असे वाहन पुन्हा वेगात नेऊ नये, कारण प्रत्येक तीव्र कंपागणिक चांगले सांधेही खराब होतात.

तपासणीत प्रथम कंपाचे स्वरूप ठरवावे. सपाट रस्त्यावरही ठराविक वेगाला सौम्य थरथर येत असल्यास चाकांचे संतुलन, हवेचा दाब, रिमचा वाकडेपणा व टायरचा गोलपणा पाहावा. पुढील व मागील चाकांची अदलाबदल केल्यावर थरथरीचे स्वरूप बदलले, तर दोष चाकांतच आहे असे समजावे. खड्डा किंवा सांधा लागल्यावरच तीव्र कंप येत असल्यास दोष बहुधा सैलपणाचा असतो.

सैलपणा शोधण्यासाठी वाहनाचे वजन चाकांवर असू द्यावे व एंजिन चालू ठेवावे. मदतनिसाने सुकाणू चक्र थोडे थोडे डावी-उजवीकडे झटपट हलवावे आणि तपासणाऱ्याने खालून प्रत्येक सांधा पाहावा व सुरक्षित अंतर राखून हाताने चाचपावा. ट्रॅक बारच्या दोन्ही टोकांपासून सुरुवात करणे उत्तम. तेथे दांडा हलण्यापूर्वी बोल्ट सरकताना दिसला, तर बोल्टचे छिद्र लांबट झालेले असते. अशा वेळी केवळ बोल्ट आवळून भागत नाही, कंस दुरुस्त करावा किंवा बदलावा लागतो. त्यानंतर ड्रॅग लिंक व टाय रॉड यांची टोके, सुकाणू पेटी सांगाड्याला धरणारे बोल्ट आणि पेटीचा बाहेर आलेला दंड यांची पाहणी करावी. मग आस जॅकने उचलून, ठोकळ्यांवर पक्का टेकवून चाक वर-खाली धरून हलवावे. त्यात बॉल जॉइंट, किंगपिन व चाकाचे बेअरिंग यांतील सैलपणा कळतो. चाक डावी-उजवीकडे धरून हलविल्यास टाय रॉडचा सैलपणा कळतो. आसाला मागेपुढे धरणाऱ्या भुजांच्या रबरी बुशांना तडे गेले आहेत काय, हेही पाहावे. शेवटी चाकांची कोनमापे तपासावीत. सैल सांधे तसेच ठेवून ही मापे जुळविण्यात अर्थ नसतो, कारण ती रस्त्यावर टिकत नाहीत.

एका वेळी एकच बदल करून वाहन चालवून पाहणे ही निदानाची खरी कसोटी होय. नवे भाग बसविल्यावर ट्रॅक बारचे बोल्ट वाहनाचे वजन चाकांवर असताना निर्मात्याने दिलेल्या पिळाने आवळावे लागतात. अनेकदा कोणताही एक भाग फारसा झिजलेला आढळत नाही व कारागीर प्रत्येक भाग ‘चालण्यासारखा’ ठरवितो; परंतु पाच-सहा सांध्यांतील थोडथोड्या सैलपणाची बेरीज कंप टिकविण्यास पुरेशी असते. निमित्त म्हणून नवे टायर किंवा रस्ता यांना दोष देऊन खरे कारण तसेच राहण्याची चूक येथेच होते.

सुकाणूचा शामक : शॉक अब्सॉर्बरसारखी नळी सुकाणू दांड्याला आडवी जोडून हेलकावे विरविण्याची पद्धत जुनी आहे. मूळ रचनेचा भाग म्हणून शामकाला निश्चित स्थान आहे. जीप रँग्लरच्या तत्कालीन नव्या नमुन्यांतील कंपाच्या तक्रारींवरून निर्मात्याने २०१९ मध्ये ग्राहकांना सुधारित शामक बसवून देण्याची मोहीम हाती घेतली. मात्र झिजलेल्या वाहनात केवळ नवा शामक घातल्यास तो कंपाची ऊर्जा काही काळ स्वतः पचवितो व चालकाला दोष गेल्याचा भास होतो. सैल सांधा आतून झिजतच राहतो आणि शामक निकामी झाल्यावर कंप पूर्वीपेक्षा अधिक जोराने परततो. दरम्यान सांधा निखळल्यास सुकाणूवरील ताबाच जातो. म्हणून शामक बदलणे ही दुरुस्तीतील शेवटची पायरी समजतात.

प्रवासी मोटारगाड्यांतून जवळजवळ नाहीसा झालेला हा दोष अवजड पिकअपमध्ये टिकून आहे, कारण जड माल ओढणाऱ्या व बर्फ लोटणाऱ्या वाहनांत एकसंध पुढील आसाची मजबुती अद्याप उपयुक्त ठरते. अशा वाहनांत कंपाचा संभव रचनेतच अंतर्भूत असतो. चांगली मापे, घट्ट सांधे, संतुलित चाके व नियमित तपासणी यांच्या साहाय्याने तो दूर ठेवता येतो. [⟶ मोटारगाडी].